मोडीच्या डब्यातला बुरहानपूर

आज जळगावच्या सराफ बाजारात मोडीचा, म्हणजे जुन्या तुटक्या चांदीचा डबा उपसत दोन तास बसलो. तुटक्या तोरड्या, झिजलेली जोडवी, वाळ्यांचे तुकडे. आणि खाली रुपये. भोक पाडलेले, गळ्यात घालायला कडी डाखलेले म्हणजे झाळून जोडलेले, चेहरा पार पुसलेले. हे सगळं आटणीला जाणार होतं.

एक निघाला १८४० चा, ईस्ट इंडिया कंपनीचा. राणीच्या डोक्यावर डाखाचा गोळा. असा रुपया मुळात एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. कडी लागली की बहुतेक संग्राहक हात लावत नाहीत, मग तो फक्त वजनावर विकला जातो. मला मात्र ती कडीच आवडते. सातपुड्याकडच्या बायकांच्या गळ्यात रुपयांच्या माळा मी लहानपणी पाहिल्यात. बँक नव्हती तेव्हा बाईची बचत तिच्या अंगावरच असायची, आणि दुष्काळात एकेक रुपया सुटत जायचा.

तळाशी एक जाडसर, वाकडा मोगली रुपया. कडेला सराफांनी चांदी तपासायला मारलेले चार ठसे. भिंगातून फारसी अक्षरं लावत गेलो अन् 'बुरहान' एवढंच जुळलं. बुरहानपूरची टांकसाळ! आपल्या जुन्या खानदेशाची राजधानी, भुसावळहून गाडीने तासाभरावर. अंगावर काटा आला.

"यानं काय करशी भाऊ?" शेठनी विचारलं. मी नुसता हसलो. वजन करून पैसे दिले.

दोन्ही रुपये आता टेबलावर आहेत. डाख काढणार नाही, पॉलिशही करणार नाही.