मोठी राहिली, छोटी काढली

पाळीत दर तासाला पॅड बदलावं लागतंय, हे मी दीड वर्ष कुणाला सांगितलंच नाही. आईचंही असंच असायचं, म्हणून घराण्याची देणगी समजून सोडून दिलं. (पुढे कळलं, फायब्रॉइड, म्हणजे गर्भपिशवीतल्या गाठी, खरोखरच घराण्यात चालत येऊ शकतात.) त्या चार दिवसांत काळे कपडे, खुर्चीवरून उठलं की मागे वळून एक नजर. जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा वजनाला दोष दिला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.८! बायकांना ते निदान १२ तरी हवं.

सोनोग्राफीत दोन गाठी निघाल्या. एक ६ सेंटिमीटरची, एक अडीच. माझा जीव त्या सहामध्ये अडकला. "मुलं झालीत ना, मग पिशवी काढून मोकळी हो," असं सांगणारे तीन जण तर त्याच आठवड्यात भेटले.

डॉक्टरबाईंनी रिपोर्टच्या मागे पेनने पिशवी काढली. मोठी गाठ बाहेरच्या अंगाला चिकटलेली. छोटी आत, पोकळीत डोकावणारी. पेनचं टोक छोटीवर टेकवून म्हणाल्या, "रक्त जातंय ते हिच्यामुळे. मोठीचा त्यात हात नाही. ती फार तर लघवीच्या पिशवीवर बसते." म्हणजे रात्री मी दोनदा उठते ते तिच्यामुळे! कॅन्सरचं विचारलं. ही स्नायूंची साधी गाठ असते, कॅन्सर निघणं फारच क्वचित, आणि पाळी गेल्यावर त्या बहुधा आकसतात, असं म्हणाल्या. मी ४४ वर्षांची. थोडी कळ काढायची.

पण ऑपरेशन लगेच नाही, आधी रक्त वाढवा. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी घाबरले. पोटाला त्या मानवल्याच नाहीत, शेवटी लोह सलाईनमधून घेतलं. हिमोग्लोबिन ११ च्या वर गेल्यावर खालून दुर्बीण घालून छोटी गाठ काढली. पोटावर एक टाका नाही, संध्याकाळी घरी. गाठ तपासणीला गेली, साधीच निघाली.

परवाची पाळी चार दिवसांत आटोपली, दिवसाला तीन पॅड. मोठी आहे तिथेच आहे, वर्षाने पुन्हा सोनोग्राफी. रात्री अजून दोनदा उठवते. उठते.