तुम्ही विचारलंत म्हणून: माझा ब्रशसेट मी का देत नाही

“सर, तुमचा ब्रशसेट पाठवा ना.” जुने फोटो दुरुस्त करायला शिकणारी मुलं भेटली की हे येतंच. ब्रशसेट म्हणजे फोटोशॉपमध्ये मी स्वतः बनवलेले ब्रश, केस किंवा डाग उमटवणारे ठसे. नाही म्हटलं की चेहरे पडतात आणि मी विद्या लपवतो असं मागाहून कानावर येतं. ते लागतं, म्हणून एकदा सांगून टाकतो.

विद्या मी लपवलेली नाही. स्पेसिंग (ठशांमधलं अंतर) किती, स्कॅटरिंग (ठशांचं विखुरणं) किती, पेनच्या दाबावर साइझ सोडायची की ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा), हे विचारेल त्याला शेजारी बसवून दाखवलंय. ब्रश ज्यात साठवतात ती एबीआर फाइल तेवढी देत नाही.

ऑगस्ट २०१९च्या पुरानंतर सांगलीत घराघरांतून भिजलेले फोटो निघाले. माझा सेट त्या कामातून उभा राहिला, फोटोशॉपच्या सीएस सिक्स या जुन्या आवृत्तीवर. पुढच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर अडकायला लागला, म्हणून फॉरमॅट करायला दिला. “सगळं डी ड्राइव्हला घेतलंय ना?” फॉरमॅट करणाऱ्या मुलानं विचारलं. घेतलं होतं. स्कॅन होते, पीएसडी, म्हणजे फोटोशॉपमधल्या कामाच्या फाइली, होत्या. ब्रश मात्र फोटोशॉप सी ड्राइव्हवर, ॲपडेटाच्या आत ठेवतं आणि विंडोज ते फोल्डर लपवून ठेवतं. फॉरमॅटमध्ये ते सगळे पुसले गेले. कित्येक दिवस मी त्या मुलावर चिडून होतो. खरं तर सेव्ह ब्रशेस करून फाइल बाहेर काढायला दोन मिनिटं लागतात. ती मी कधीच काढली नव्हती.

तेव्हा एका आजींचा फोटो अर्धा झाला होता. त्यांच्या तरुणपणचा घरात तेवढा एकच, आणि त्यांचं वर्षश्राद्ध आठवड्यावर आलेलं. पाण्यानं फोटो काचेला चिकटला होता, सोडवताना उजवी बाजू सोलून निघाली होती. डावीकडचे शाबूत केस उचलून त्यांचाच ब्रश केला होता मी. उजवीकडे कानापर्यंतचे केस भरून झाले होते, खाली अंबाडा राहिला होता. फॉरमॅटनंतर फाइल उघडली. लेयर सगळे जागच्या जागी आणि पॅनलमध्ये फक्त फोटोशॉपचे मूळचे ब्रश.

डिफाइन ब्रश प्रीसेट करून त्याच केसांचा ठसा पुन्हा घेतला. ठसा मिळाला. काळं उमटतं, पांढरं सुटतं, तेवढं परत करता येतं. पण जिटर, म्हणजे ठशाठशातला अनियमित फरक, किती होता? कोन रेघेच्या दिशेवर होता की दाबावर? ते आकडे मी दोन महिने थोडे थोडे सरकवत आणले होते आणि कुठेही लिहिले नव्हते. चार रात्री बसलो. केस भरले, पण ते वेगळ्या हाताचे वाटत होते. नातू न्यायला आला, फोटो बघून रडला. मी त्या कानामागच्या जोडाकडे बघत उभा होतो. तो मला आजही दिसतो.

आता तुमचा प्रश्न. माझ्या सेटमधला जवळजवळ प्रत्येक ब्रश कुणाच्या तरी अंगावरून आलेला आहे. कुणाच्या वडिलांची मिशी, कुणाच्या आजीच्या बटा. फोटो त्यांनी दुरुस्तीला दिला होता, त्यातले केस गावभर वाटायला नाही.

हे कारण मला पटतं, तरी त्या उन्हाळ्याआधीचा मी आतून भांडतो. तेव्हा मी म्हणायचो, मागेल त्याला पेनड्राइव्हवर देईन. आणि खरोखर कुणाला दिला असता, तर त्या रात्री एका फोनवर सेट परत आला असता. याला माझ्याकडे उत्तर नाही. दर महिन्याला दोन हार्डडिस्कवर कॉपी काढतो, पण ते उत्तर नव्हे.

२०१७च्या ऑक्टोबरात आलेल्या फोटोशॉपच्या आवृत्तीपासून ब्रश फोल्डरमध्ये लावता येतात, ओपॅसिटी आणि फ्लोही (रंग किती भरभर साठतो ते) ब्रशबरोबर साठवता येतात. मी ती उशिरा घेतली. परवा तिच्यात एक नवं फोल्डर केलं आणि ज्यांत माणूस नाही असे ब्रश त्यात हलवले: कागदाचा दाणा, चिखलाचे डाग, बुरशीचे ठिपके. ते द्यावेत का, याचा विचार करतोय. फोल्डरला नाव अजून दिलेलं नाही.