लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामधली वायर

आमच्या कोथरूडच्या हौशी गायकांच्या ग्रुपमध्ये मी गात नाही, ट्रॅक, म्हणजे गाण्याचे आधी रेकॉर्ड केलेले वाद्यसंगीत, लावतो. हे काम म्हणजे बटण दाबण्याचे काम, असा गायक मंडळींचा समज होता आणि खरे सांगायचे तर त्या दिवाळी पहाटेच्या आदल्या रात्रीपर्यंत माझाही तोच समज होता.

कार्यक्रम सोसायटीच्या उघड्या मैदानावर होता. उघड्या जागी रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिक्षेपक लावता येत नसल्यामुळे साउंडची चाचणी पहाटे करणे शक्य नव्हते. ती आदल्या रात्री ९ वाजता सुरू झाली आणि तासाभरात आटोपायची होती. साउंडवाल्या मुलाने मिक्सरकडून, म्हणजे सगळे आवाज एकत्र करून स्पीकरकडे पाठवणाऱ्या यंत्राकडून, आलेल्या वायरचे टोक माझ्या हातात दिले. या टोकाला इअरफोनला असते तशी ३.५ मिलिमीटरची स्टिरिओ पिन, म्हणजे बाजारात जिला ईपी पिन म्हणतात ती, आणि पलीकडच्या टोकाला माइकच्या वायरला असते तशी तीन टाचण्यांची कॅनन पिन होती. मी पिन लॅपटॉपला जोडून ट्रॅक सुरू केला, तेव्हा मैदानभर व्हायोलिनचा ताफा तेवढा ऐकू आला. ढोलक नाही, बेस नाही, आणि बासरीच्या जागी विहिरीतून यावा तसा बासरीचा नुसता घुमारा. माइक धरून उभ्या असलेल्या वहिनींनी विचारले, "अहो, ठेका कुठे गेला?" साउंडवाला म्हणाला, "काका, वायर नवी कोरी आहे, तुमचा ट्रॅकच असा आहे." मी हेडफोन लावून ऐकले, तर ढोलक जागच्या जागी वाजत होता.

यात वायर खराब नव्हती आणि ट्रॅकही खराब नव्हता. दोघांचे एकमेकांशी जमत नव्हते. लॅपटॉपच्या ईपी पिनेवर डावी आणि उजवी अशा दोन वेगळ्या बाजू निघतात. मिक्सरच्या कॅनन इनपुटला मात्र डावे-उजवे कळत नाही. तो दुसऱ्या आणि तिसऱ्या टाचणीवर एकाच आवाजाच्या एक सुलट आणि एक उलट अशा दोन प्रती येतील असे गृहीत धरतो आणि त्यांच्यातला फरक तेवढा पुढे पाठवतो. वाटेत लांब वायरीला चिकटलेली खरखर दोन्ही टाचण्यांवर सारखीच असल्यामुळे या वजाबाकीत ती आपोआप नाहीशी होते, आणि माइकसाठी ही युक्ती अतिशय उत्तम आहे. पण त्याच जागी स्टिरिओ ट्रॅक दिला, की डाव्यातून उजवे वजा होते. ढोलक, बेस आणि मुख्य वाद्य हे बहुतेक ट्रॅकमध्ये मधोमध, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे ठेवलेले असल्यामुळे तेच पहिल्यांदा शून्य होतात. उरतात ती दोन्हीकडे पसरलेली व्हायोलिने आणि घुमारा.

त्या रात्री साउंडवाल्याच्या पेटीच्या तळाशी एका बाजूला ईपी आणि दुसऱ्या बाजूला दोन पी-३८ पिना, म्हणजे ईपीपेक्षा जाड पिना, असलेली जुनी वायर सापडली, आणि डावी-उजवी बाजू मिक्सरच्या दोन वेगळ्या लाइन चॅनेलला जोडताच ठेका परत आला. मात्र लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून घूं असा आवाज येऊ लागे आणि चार्जर काढला की तो तत्काळ थांबे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ही घरघर ५० आणि १०० हर्ट्झच्या आसपास रेंगाळते. लॅपटॉप एका प्लगवरून आणि मिक्सर दूरच्या दुसऱ्या प्लगवरून चालतो, दोघांचे अर्थिंग आधी भिंतीतून आणि मग ऑडिओच्या वायरीतून असे दोन वाटांनी जोडले जाते, आणि त्या वेटोळ्यातून फिरणारा किंचितसा प्रवाह आपल्याला ऐकू येतो. यावर काही जण चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय सुचवतात. हा उपाय कृपा करून कोणीही करू नये, कारण ती पिन जिवासाठी असते. आम्ही तो कार्यक्रम बॅटरीवर निभावून नेला. दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतल्यानेही बऱ्याचदा काम भागते.

पुढे मी डीआय बॉक्स, म्हणजे लॅपटॉपचा आवाज मिक्सरच्या कॅनन इनपुटला जुळेल असा करून देणारी डबी, घेतला. ही हाताच्या पंजाएवढी लोखंडी डबी असते आणि साध्या प्रकारात तिला वीजही लागत नाही. आत एक ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे आवाज चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो आणि विजेचा थेट संबंध तुटतो. डबीवर ग्राउंड लिफ्ट नावाचे छोटे बटण असते. ते दाबले की वायरीच्या जाळीतून जाणारी अर्थिंगची वाट तुटते आणि चार्जर लावलेला असतानाही घरघर थांबते. बाहेर पडणारा आवाज माइकच्या पातळीचा आणि सुलट-उलट प्रतींचा असल्यामुळे मिक्सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी खरखर येत नाही. स्टिरिओसाठी दोन डब्या किंवा एक दुहेरी डबी लागते. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. वीज लागणाऱ्या कंडेन्सर माइकसाठी मिक्सरवर ४८ व्होल्टचे फँटम, म्हणजे माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज, चालू केलेले असते आणि कित्येक मिक्सरवर ते सगळ्या कॅननना एकाच बटणाने मिळते. त्या पहिल्या वायरीने तो दाब सरळ लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकापर्यंत पोहोचू शकला असता. ट्रान्सफॉर्मर मध्ये असला की तो पलीकडेच अडतो.

उरलेल्या वायरी मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत पिना पारखून घेतल्या. लॅपटॉपची स्वतःची तयारी मात्र घरीच होते: विमान मोड चालू करणे, स्क्रीन झोपू न देणे, संदेशांचे आवाज बंद करणे. ही शेवटची गोष्ट विसरल्यास अंतऱ्याच्या मध्यावर टिंग असा आवाज दोन हजार वॉटमधून निघतो आणि तो कोणाचा हे सगळ्यांना कळते. लॅपटॉपचा आवाज मी पूर्ण न ठेवता किंचित खाली ठेवतो आणि कमी पडेल तो मिक्सरवर वाढवायला सांगतो, कारण हेडफोनचे भोक शेवटच्या टप्प्यात फाटू लागते आणि तो फाटलेपणा पुढे कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

पट्टीचाही प्रश्न मंचावर सोडवायचा नसतो. वहिनी काळी चारमध्ये, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी सा धरून, गातात आणि मिळालेला ट्रॅक बहुधा काळी एकचा असतो. दोन स्वर, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून दोन पट्ट्या, वर-खाली केलेले कानाला चालून जाते. पाच स्वर सरकवले की ढोलकाचा रबर होतो, आणि अशा वेळी दुसरा ट्रॅक शोधणे किंवा दुसरे गाणे घेणे हेच खरे. सरकवलेला ट्रॅक मी घरीच वेगळ्या फाइलमध्ये साठवतो आणि तिच्या नावात पट्टी लिहितो. तीच यादी त्याच क्रमाने माझ्या मोबाईलवरही असते.

यंदा तालवाद्यावर खरा माणूस येणार असल्याने ट्रॅक डाव्या बाजूला आणि लय दाखवणारी टिकटिक उजव्या बाजूला ठेवून ती फक्त त्याच्या कानात देण्याचा जुना प्रकार आम्ही करून पाहत आहोत. ट्रॅक त्यामुळे मोनो होतो, पण मैदानावर निम्मे लोक एकाच स्पीकरसमोर बसलेले असल्यामुळे त्यात फारसे बिघडत नाही. धोका एकच आहे, की उजव्या बाजूचा फेडर, म्हणजे मिक्सरवरचा आवाज कमी-जास्त करणारा सरकता खटका, कोणी चुकून वर केला तर टिकटिक सगळ्या सोसायटीला ऐकू येईल; म्हणून त्या फेडरवर मी लाल चिकटपट्टी लावून घेतली आहे. साउंडवाला तोच मुलगा आहे. परवा त्याने आपणहून फोन केला आणि विचारले, "काका, तुमच्यासाठी दोन कॅनन सोडू ना?"