साडूंचं ॲव्हरेज

दोन टनांच्या वर वजनाची, सात सीटची, पन्नास लाखांच्या घरातली डिझेल गाडी दारात येऊन उभी राहिली, की बघायला येणारा पेढा तोंडात टाकतो, बॉनेटवरून एकदा हात फिरवतो आणि विचारतो, "किती देती?" एअरबॅग किती, मागच्या सीटवर गुडघे मावतात का, हे सगळं नंतर. विचारणाऱ्याच्या खिशातून डिझेलचा एक थेंब जाणार नसतो, पण विचारल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही.

आमच्या साडूंनी अशी गाडी घेतली. कराडच्या बाजूला ऊस, दोन मळे आणि बारा महिने लग्नकार्यं, त्यामुळे छोटी गाडी घेतली असती तर लोकांनीच "का हो, यंदा दर कमी मिळाला का?" म्हणून विचारलं असतं. गाडी अर्थातच पांढरी. आणि गाडी आल्यापासून साडूंना ॲव्हरेज काढायचा नाद लागला. तसा तो प्रत्येकाला थोडाफार असतोच, पण साडूंचं सगळं शास्त्रोक्त.

शास्त्र म्हणजे टाकी फुल ते टाकी फुल. पंपावर पोरगा "झिरो बघा सायेब" म्हणतो, साडू खाली उतरून झिरो बघतात. टाकी ८० लिटरची. मीटर पळत असतो आणि खट्ट करून नोझल बंद पडतं. पोरगा नोझल काढायला लागतो तोच साडू ओरडतात, "थांब, फेस बसू दे." डिझेलला पेट्रोलपेक्षा फेस जास्त येतो आणि फेस नोझलच्या टोकाला लागला की टाकी भरायच्या आधीच ऑटो कट होतो. मग साडू गाडीच्या बाजूला पाठ लावून तिला हलवतात. दोन टन. गाडी हलते की साडू, हे नीट बघावं लागतं. पोरगा पुन्हा नोझल लावतो, पुन्हा खट्ट. मागचा दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवतो. "राउंड फिगर करू का?" "राउंड नको, फुल्ल कर." झाकणाच्या कडेला डिझेल चमकलं की साडू मोबाइलमध्ये किलोमीटर टिपून घेतात.

या सगळ्या कसरतीतून निघणारा आकडा किती भरवशाचा? समजा गाडी ६०० किलोमीटर चालली आणि ५० लिटर बसलं, तर ॲव्हरेज १२. पुढच्या वेळी पंप वेगळा, जमीन जरा उतरती, पोरगा घाईतला, आणि ४७ लाच नोझल बंद. झालं पावणेतेरा. इंजिनाने काहीही केलेलं नाही, तीन लिटरांचा फेस तेवढा मध्ये आला. मी हे साडूंना सांगितलं. ते म्हणाले, "पावणेतेराच धरायचं."

काचेमागच्या स्क्रीनवरही आकडा येतो. तो सहसा पंपावरच्या हिशोबापेक्षा थोडा उदार असतो, म्हणून मालक मंडळी त्याचे फोटो काढतात. साडूंच्या मुलाने एकदा सेटिंगमध्ये बोटं घातली आणि लिटरला किलोमीटर जाऊन १०० किलोमीटरला लिटर असा हिशोब दिसायला लागला. युरोपात असाच मोजतात. १२ च्या जागी ८.३. साडूंनी आधी मुलाला झापलं. मग थोडा विचार केला आणि म्हणाले, राहू दे तसंच. कारण त्याच आठवड्यात चुलत भाऊ मेव्हण्याच्या वरातीला गाडी मागायला येणार होता. त्याला गाडीत बसवून दाखवलं, "बघ बाबा, आठ पॉइंट तीन. परवडतंय का तुला?" चुलत भाऊ भाड्याच्या गाडीच्या चौकशीला गेला. तशीच गाडी घ्यायचं म्हणणारे मित्र आले, की आकडा "हायवेला चौदा आरामात" होतो. घरात विचारलं तर "बारा बसतंय" आणि विषय बदलतो. एकच गाडी, एकच इंजिन. ऐकणारा कोण, यावर ती कमी-जास्त पिते.

कंपनीच्या कागदावरचा आकडा मात्र कुणाच्या तोंडाकडे बघून काढलेला नसतो. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या घेणारी संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. अशा चाचण्यांमधलं तिचं नाव आता गाडीवाल्यांच्या बोलण्यातच बसलंय. चाचणीत गाडी रोलरवर धावते, म्हणजे चाकं फिरतात आणि गाडी जागेवर. आधी शहरातल्यासारखं थांबत-चालत, मग हायवेसारखं, असं मिळून ११८० सेकंद. वीस मिनिटंसुद्धा पुरती नाहीत. जास्तीत जास्त वेग ९०. एसी बंद. डिझेल बाटलीने मोजत नाहीत. सायलेन्सरमधून निघालेला धूर गोळा करतात, त्यात कार्बन किती आहे ते बघतात आणि त्यावरून किती डिझेल जळलं ते काढतात. पद्धत चोख आहे, मला तिच्याबद्दल आदर आहे. फक्त त्या गाडीत मागे आत्याबाई बसून "एसी वाढव रे" म्हणत नाहीत, आणि डिकीत तांदळाची दोन पोती नसतात.

खरी गोष्ट अशी, की शहरात या गाडीला वजन खातं आणि हायवेला वारा. दोन टन ढकलत ४० च्या वेगाला आणायचे आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबून ती सगळी मेहनत उष्णता करून सोडून द्यायची, हा कर्वे रोडचा दिनक्रम. हायवेला तसं नाही, पण ही सहा फूट रुंद आणि जवळपास तेवढीच उंच भिंत घेऊन वारा कापायचा असतो, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० वर गेलात तर विरोध सव्वादोन पट. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरता खुला झाला, ७०१ किलोमीटर, कारला १२० ची मुभा. साडू नागपूरला जाऊन आले आणि पहिल्यांदाच ॲव्हरेजबद्दल स्वतःहून एक शब्द बोलले नाहीत.

उतारावर मात्र ते गप्प बसत नाहीत. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना यांचा हात गिअरकडे जातो, न्यूट्रल करायला. तिथे आजवर किती अपघात झाले, आणि दर अपघातानंतर न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या ट्रकांची चर्चा होते, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. पण जिवाचं सोडा, डिझेलच्या हिशोबानेही हे उलटं आहे. आताच्या कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरने डिझेल मोजून सोडणाऱ्या, इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडणंच बंद करतात. चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतःच्या जोरावर चालू राहावं लागतं, म्हणजे पुन्हा डिझेल. मी हे सांगितल्यावर साडूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी सासऱ्यांविषयीच काही वाईट बोललो असावं. त्यांना न्यूट्रल सासऱ्यांनीच शिकवलं होतं, जुन्या जीपवर.

एक खर्च तर त्यांच्या लक्षातच येत नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर बसला. तो भरला की गाडी जादा डिझेल सोडून आतली काजळी जाळते, आणि त्यासाठी तिला थोडा वेळ सलग पळायला हवं. घर ते मळा आणि मळा ते घर एवढ्यात ते पुरं होत नाही.

गंमत म्हणजे ॲव्हरेजची काळजी करायचा खरा हक्क मोठ्या गाडीवाल्यालाच आहे. २० देणारी छोटी गाडी २५ द्यायला लागली तर हजार किलोमीटरमागे १० लिटर वाचतात. ८ देणारी १० वर आली तर २५ लिटर. म्हणून साडूंना म्हटलं, वरचं कॅरियर काढा, टायरमधली हवा बघत चला, आणि शंभरच्या आत चालवा. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी लगेच केल्या. तिसरीवर "बघू" म्हणाले.

चौथी त्यांनी स्वतःहून शोधली. गावाजवळच्या पंपाचं डिझेल "बसत नाही" असं त्यांचं मत झालंय, म्हणून आता पंधरा किलोमीटरवरच्या एका पंपावर जातात. तिथलं डिझेल खात्रीचं, ॲव्हरेज अर्ध्या किलोमीटरने वाढतं म्हणे. मी तोंडी हिशोब केला: जाऊन-येऊन तीस किलोमीटर, बाराने अडीच लिटर.

"ते धरायचं नाही," साडू म्हणाले. "ते डिझेल आणायला गेलेलं डिझेल."