पोचा

घागर विहिरीच्या काठाला आपटली की तिला पोचा पडतो. स्टीलच्या डब्याचं झाकण मात्र अंगठ्यानं दाबलं तर टक् करून आत जातं आणि अंगठा उचलला की टक् करून बाहेर येतं. पत्रा एका मर्यादेपर्यंत मार खाऊन पूर्ववत होतो, ती मर्यादा ओलांडली की झालेलं विसरत नाही. रेसिंग गेममध्ये गाडी ठोकल्यावर जे दिसतं, त्याचा खरेखोटेपणा बराचसा याच मर्यादेवर ठरतो. ती गणितात बसवायला गेम बनवणाऱ्यांना बरीच वर्षं लागली.

आधी पोचा नव्हताच. १९८९ च्या अटारीच्या ‘हार्ड ड्रायव्हिन’मध्ये गाडी आपटली की तोच प्रसंग बाहेरून पुन्हा दाखवायचे आणि मग गाडी निमूटपणे रस्त्यावर. आपल्याकडे सायबर कॅफेत तासावर पैसे मोजणाऱ्या पिढीचा पहिला अपघात बहुधा ‘रोड रॅश’मधला. माणूस रस्त्यावर लोळत जातो, उठतो आणि पळत जाऊन बाइकवर बसतो. गुडघासुद्धा झटकत नाही.

१९९५ च्या ‘डिस्ट्रक्शन डर्बी’त नुकसानीला पहिल्यांदा जरा अर्थ आला. गाडीच्या कुठल्या बाजूला किती मार बसला याचा हिशेब असायचा. समोरून फार ठोकाठोकी केली की रेडिएटर जायचा आणि इंजिन तापून बंद पडायचं. अमेरिकेतल्या खऱ्या डिमॉलिशन डर्बीत, म्हणजे एकमेकांच्या गाड्या मुद्दाम ठोकायच्या स्पर्धेत, मुरलेले ड्रायव्हर रिव्हर्समध्ये डिकीनं धडका देतात, ते याच कारणानं. दिसायला ती गाडी ठोकळ्यांची होती, पण अक्कल खरी होती. दोन वर्षांनी आलेल्या ‘ग्रान टुरिस्मो’चं उलट झालं. गाडी फोटोसारखी, वळणावर वजन कसं सरकतं तेही नीट, आणि भिंतीला दीडशेच्या वेगानं घासली तरी रंगाला ओरखडा नाही. त्या मालिकेत पत्रा चेपलेला दिसायला २०१० चा पाचवा भाग यावा लागला.

पोचा पाडायच्या रीती मोजून तीन. पहिली मुखवट्याची. चांगला बंपर काढायचा आणि आधीच चेपून ठेवलेला बंपर लावायचा. खांबाला ठोका नाहीतर ट्रकला, पोचा तोच. दुसरी रीत जास्त चालते. गाडीचं कवच छोट्या त्रिकोणांचं असतं. धडक बसली त्या जागेजवळचे त्रिकोणांचे कोपरे आत ढकलायचे आणि वरून ओरखड्यांचं चित्र चिकटवायचं. कोपरे विरळ असले तर पत्रा घडी घातलेल्या कागदासारखा दिसतो, फार दाट असले तर लापशीसारखा. किती आत ढकलायचं यालाही मर्यादा घालावी लागते, नाहीतर बॉनेटचं टोक ड्रायव्हरच्या मांडीवर येतं. पण खरी गोम पुढेच आहे. डोळ्यांना दिसणारं कवच चेपलं तरी टक्कर मोजणारी आतली अदृश्य पेटी पुष्कळ वेळा तशीच राहते. म्हणून अशा गेममध्ये नाक चेपलेली गाडी पुन्हा भिंतीला लावली की मध्ये वीतभर फट दिसते. गाडी हवेला टेकून थांबलेली असते.

तिसरी रीत बिंदू आणि दांड्यांची. ‘रिग्ज ऑफ रॉड्स’ या, ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे अशा, गेममधून ती पुढे आली, आणि त्यातल्याच काही मंडळींनी जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये ‘बीमएनजी ड्राइव्ह’ उभा केला. २०१३ पासून तो विकत मिळतो. इथे गाडी म्हणजे काही शे वजनदार बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या काही हजार दांड्या. प्रत्येक दांडीला चार आकडे दिलेले असतात : ताठपणा किती, थरथर किती लवकर विरावी, किती जोर लागला की कायमची वाकावी, आणि किती जोर लागला की तुटावी. घागर आणि झाकणातला फरक तिसऱ्या आकड्यात आहे. तो फार मोठा ठेवला तर गाडी रबरी चेंडूसारखी उसळते, फार छोटा ठेवला तर खड्ड्यातून जातानाच शॉकअब्सॉर्बरचे माउंट वाकून बसतात. बिजागरीच्या दांड्यांची टोळी करता येते, म्हणजे एक तुटली की सगळ्या एकदम तुटतात. म्हणूनच इथलं बॉनेट आधी उघडून काचेवर आपटतं आणि मग उडून जातं. बंपर एका क्लिपवर लोंबकळत फरफटतो, तोही याच हिशेबानं.

आता वेळेचं गणित. साध्या गेममध्ये सेकंदाला ६० चित्रं दिसतात. नव्या गाड्या किती सुरक्षित आहेत ते तपासणाऱ्या भारत एनकॅपच्या समोरून धडकेच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगानं, रुंदीच्या ४० टक्के भागावर, ॲल्युमिनियमच्या मधाच्या पोळ्यासारख्या अडथळ्यावर आपटवतात. तो वेग म्हणजे सेकंदाला १७.८ मीटर. दोन चित्रांच्या मध्ये गाडी सुमारे ३० सेंटिमीटर पुढे जाते. म्हणजे गेमला भिंत लागल्याचं कळेपर्यंत बंपर भिंतीच्या आत गेलेला असतो आणि त्याला घाईघाईनं बाहेर ढकलावं लागतं. जुन्या गेममधल्या गाड्या किरकोळ टकरीनं आकाशात का उडायच्या, याचं एक कारण हे. बीमएनजी सेकंदाला २,००० वेळा हिशेब करतो. त्यामुळे दोन हिशेबांच्या मध्ये तीच गाडी ९ मिलिमीटरच सरकते आणि धडक मिलिमीटर मिलिमीटरनं चढत जाते.

तरी खरा पत्रा त्यात मावत नाही. कारण साधं आहे. हलक्या बिंदूला फार ताठ दांडी जोडली तर तो इतक्या वेगानं थरथरतो की दोन हिशेबांच्या मधल्या वेळात त्याचा पत्ता हरवतो. मग गाडी अंगात आल्यासारखी जागच्या जागी घुमते आणि फुटते. नवख्यानं बनवलेल्या गाडीचं हेच होतं, आणि तो बिचारा दांड्या आणखी ताठ करत बसतो. सेकंदाला २,००० वेळांच्या हिशेबात एक किलोच्या बिंदूला पेलणारा ताठपणा फार तर मीटरला दीड-पावणेदोन कोटी न्यूटन. त्याला दहा-बारा दांड्या असतील तर तोच सगळ्यांत वाटून घ्यायचा. आणि ०.८ मिलिमीटर जाड, १० सेंटिमीटर रुंद, २५ सेंटिमीटर लांब अशा पोलादी पट्टीचा खरा ताठपणा भरतो साडेसहा कोटींच्या आसपास. म्हणून गेममधली गाडी खऱ्यापेक्षा मऊ ठेवावीच लागते. मोठ्या धडकेत ती जराशी पिठाच्या गोळ्यासारखी का वाटते, ते इथे कळतं. शिवाय दोन बिंदूंमधली दांडी सरळच असते. खरा चेसिसचा पाटा पेटीच्या भात्यासारखा बारीक बारीक घड्या घालत मिटतो, तशी घडी दोन बिंदूंच्या मध्ये पडूच शकत नाही.

गाड्या बनवणाऱ्या कंपन्या हेच काम दुसऱ्या टोकानं करतात. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९७६ मध्ये जन्मलेल्या सॉफ्टवेअरचे वंशज आजही त्यासाठी वापरतात. त्यात गाडीचे पाच-पाच मिलिमीटरचे तुकडे करतात. पोलादातून धक्क्याची लाट सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगानं जाते, म्हणजे असा एक तुकडा ओलांडायला तिला सेकंदाचा दहा लाखावा भाग लागतो. म्हणून हिशेबही सेकंदाला दहा लाख वेळा करावा लागतो. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या अपघातासाठी मोठाले संगणक तासन्‌तास राबतात. गेमला तोच अपघात तुमच्या टेबलाखालच्या डब्यात, आत्ता, या क्षणी दाखवायचा आहे. या दृष्टीनं पाहिलं तर दोष काढण्याआधी थोडं थांबावंसं वाटतं.

थांबून झालं, आता दोष. तज्ज्ञ डेंटरला असा गेम दाखवला तर त्याची नजर पहिल्यांदा बंपरवर जाईल. आजचा बंपर प्लॅस्टिकचा. तो दाबला जातो, रंग तडकतो, क्लिपा तुटतात आणि तो बराचसा परत बाहेर येतो. आतला पत्र्याचा बीम मात्र वाकलेलाच राहतो. गेममध्ये बंपर आणि फेंडर दोन्ही एकाच धातूचे असल्यासारखे चेपतात. काचेचंही तसंच. पुढची काच दोन थरांमध्ये पापुद्रा घालून केलेली असते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते पण जागेवर राहते. बाजूच्या काचांची साबुदाण्यासारखी रास होते. कितीतरी गेम पुढच्या काचेचाही साबुदाणा करतात. आणि रेसच्या गाड्यांमधला कार्बन फायबर पोचा घेतच नाही. तो एक तर धड असतो, नाहीतर त्याच्या चिरफळ्या उडतात. एफ-वनच्या गेममध्ये पुढचा पंख वाकलेला दिसला तर समजावं की चित्रकाराच्या डोळ्यांसमोर पत्र्याची गाडी होती.

कंपन्यांची आडकाठी हा वेगळाच विषय. खऱ्या गाडीचं नाव आणि रूप वापरायचं तर परवाना लागतो, आणि आपली गाडी चुरा होऊन पडलेली कुणाला आवडेल? खरं नाव असलेल्या गाड्यांचे पिलर (टप पेलणारे खांब) आणि टप गेममध्ये सहसा शाबूत राहतात, ते उगाच नाही. उलट मोडतोडीसाठी ज्यांचं नाव घेतलं जातं त्या ‘बर्नआउट’, ‘फ्लॅटआउट’, ‘रेकफेस्ट’ आणि बीमएनजी यांतल्या गाड्या जवळजवळ सगळ्या काल्पनिक नावांच्या. बीमएनजीत इबिशू आणि गॅव्हरिल असे ब्रँड आहेत. पाहिल्यावर मूळ गाडी ओळखू येते, पण वकिलाला नोटीस पाठवायला जागा मिळत नाही.

‘बर्नआउट’वर मात्र खोटेपणाचा आरोप करताना जपून करावा. २००४ च्या तिसऱ्या भागात धडक बसली की वेळ मंद होतो आणि गाडी पाकळ्या सुटल्यासारखी उलगडत जाते. हे खरं नाही, पण खरं दाखवलं असतं तर काहीच दिसलं नसतं. ताशी ६४ वरून ६० सेंटिमीटर चेपत थांबणाऱ्या गाडीचा सगळा अपघात सेकंदाच्या पंधराव्या भागात आटोपतो. म्हणजे पडद्यावर चार चित्रं. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. खरा अपघात पाहणारा माणूस ‘धाड्‌कन आवाज आला आणि बघतो तर’ असंच सांगतो. मधलं कुणालाच दिसलेलं नसतं.

माझं मत विचाराल तर दिसणाऱ्या पोच्याचं कौतुक जरा जास्तच झालंय. लांबी (पुट्टी) भरली आणि रंग मारला की तो झाकतो, गॅरेजमध्येही आणि गेममध्येही. न झाकणारं नुकसान चाकांशी असतं. ताशी ४० नं एक चाक फुटपाथच्या कडेला आपटलं की चाक वळवणारा टाय रॉड किंवा चाक धरून ठेवणारा लोअर आर्म वाकतो. बाहेरून गाडी धड, फार तर रिमला खरचटलेलं. पण ती एका बाजूला खेचते, टायर एका कडेनं झिजतो आणि ब्रेक मारला की शेपूट हलवते. चाकाची दिशा अर्ध्या अंशानं बिघडली तरी लांब सरळ रस्त्यावर वेग खाल्ला जातो. ‘आयरेसिंग’ या ऑनलाइन रेसच्या गेममध्ये हे नुकसान खरोखर महाग आहे. गाडी फारच मोडली तर नारिंगी ठिपक्याचा काळा झेंडा दाखवून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या थांब्यावर, बोलावतात. तिथे सक्तीची दुरुस्ती वेगळी, ऐच्छिक वेगळी, आणि दोन्हींची मिनिटं घड्याळात चालूच. ऐच्छिक दुरुस्ती सोडून वाकड्या गाडीनं निघायचं की उभं राहून लॅप घालवायचे, हा निर्णय कुठल्याही चकचकीत पोच्यापेक्षा जास्त घाम काढतो. एफ-वनच्या अधिकृत गेममध्ये बराच काळ पुढचा पंखच काय तो नाजूक होता. २०२१ च्या आवृत्तीत गाडीचा तळ, डिफ्यूझर (तळाखालची हवा मागे बाहेर काढणारा भाग) आणि बाजूचे भागही मोडायला लागले. मग कर्बवरून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांवरून, बेफिकीर उड्या मारणाऱ्यांची पंचाईत झाली.

याच्या नेमकं उलट २००८ च्या ‘ग्रिड’नं लोकप्रिय केलेली रिवाइंडची सोय. ठोकलं, मागे घ्या. नुकसान कितीही बारकाईनं मोजलं तरी पैसे परत मिळणार असतील तर ग्राहक कशाला बघेल? नुकसान बंद ठेवलेल्या ऑनलाइन रेसमध्ये भिंत हाच सगळ्यांत स्वस्त ब्रेक होतो, लोक वळणावर अंग घासत जातात. तिथे नुकसान बंद ठेवण्यालाही कारण असतं. दोघांच्या इंटरनेटमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक पडला तर ताशी २०० च्या वेगाला गाडी साडेपाच मीटर इकडेतिकडे दिसते. ज्यानं ठोकलंच नाही त्याचा रेडिएटर फुटला तर भांडणं मिटणार नाहीत.

कुठलाही गेम पारखायचा असेल तर भिंतीवर दोनशेनं आपटू नका, त्यात सगळेच गेम छान दिसतात. सेटिंगमध्ये नुकसान पूर्ण ठेवा आणि स्टिअरिंगला सरळ ठेवणारी मदत बंद करा. ताशी ४० ला पुढचं डावं चाक कडेला आपटवा, मग सपाट सरळ रस्ता शोधा. ६० वर स्थिर व्हा आणि हात सोडा. गाडी एका बाजूला जायला हवी, आणि तिला सरळ ठेवायचं तर स्टिअरिंग थोडं उलट बाजूला धरून ठेवावं लागायला हवं. त्यानंतर समोरून हळूच, पंचवीस-तीसच्या वेगानं खांबाला ठोका, इंजिन चालू ठेवून दोन-चार मिनिटं पुढे जा आणि तापमानाचा काटा बघा. बीमएनजीत रेडिएटर गळायला लागलेला असतो, काटा चढतो, आणि तरीही रेटत राहिलात तर हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधली सील) जातं. बाकी पुष्कळ गेममध्ये काटा मधोमध उभा असतो, नाक चेपलेलं असतं आणि गाडी रेषेत सरळ पळत असते.