नियमाबाहेरची पिल्लं

अंडं सोलून पिल्लाला बाहेर काढायचं नाही. आमच्या धंद्यात नवीन माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगतात, मीही सगळ्यांना तेच सांगत आले. ज्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही, ते बाहेर येऊन तरी काय जगणार, असा त्यामागचा हिशेब. कठोर आहे, पण बहुतेक वेळा बरोबर निघतो. मार्चमधल्या त्या गारपिटीच्या रात्री हॅचरीच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या मावशींनी हा नियम माझ्या डोळ्यांदेखत मोडला आणि मी टॉर्च धरून उभी होते.

माझी हॅचरी, म्हणजे अंडी उबवायचं केंद्र, इंदूरजवळ राऊच्या पुढे, महू रस्त्यापासून थोडी आत. फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. दोन खोल्या, अंडी उबवायचं एक सेटर, पिल्लं बाहेर यायच्या दिवसांसाठी एक हॅचर आणि मागे ब्रूडरची, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याची, शेड. कडकनाथ आणि गावरान, दोन्ही कोंबड्यांची अंडी उबवते. परसात दहा-वीस कोंबड्या पाळणारी माणसं, आसपासचे छोटे शेतकरी आणि हल्ली इंदुरातले फार्महाऊसवाले, असं गिऱ्हाईक. शेवटच्यांबद्दल न बोललेलं बरं. कडकनाथचं अंडं हातात दिलं की म्हणतात, "मॅडम, हे तर काळं नाही!" अहो, कातडी काळी, मांस काळं, हाडंसुद्धा काळी, अंडं मात्र फिकट तपकिरीच असतं. 2018 साली झाबुआच्या कडकनाथला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला, तेव्हापासून चौकशा वाढल्या, समज होती तिथेच राहिली. वर सगळ्यांना माद्याच हव्या असतात.

कडकनाथची एक खोड अशी की ती अंड्यांवर टिकून बसत नाही. म्हणून तिची अंडी गावरान खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली तरी ठेवा, नाहीतर मशीनमध्ये. मशीनला 21 दिवस. पहिले 18 दिवस सेटरमध्ये, साडेसदतीस अंशांवर, अंडी फिरत राहतात. मग हॅचरमध्ये हलवायची, फिरवणं बंद करायचं आणि ओलावा 65-70 टक्क्यांवर न्यायचा. शेवटच्या तीन दिवसांचं सगळं त्या ओलाव्यावर. पिल्लू आधी अंड्यातल्या हवेच्या कप्प्यात चोच घालतं आणि पहिला श्वास घेतं. मग चोचीवरच्या टोकदार दाताने कवचाला टोचा मारतं. आणि थांबतं. बारा-बारा तास काही नाही. बघणाऱ्याला वाटतं, अडकलं बिचारं. ते अडकलेलं नसतं. उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं, कवचाच्या आतल्या पापुद्र्यातल्या नसांमधलं रक्त अंगात घेत असतं. ते उरकलं की आतल्या आत गोल फिरत कवच कापतं, वरची टोपी ढकलतं आणि झालं. मध्येच कुणी घाई करून सोललं तर त्या नसा फुटतात आणि पिल्लू रक्त जाऊन मरतं. यूट्यूबवर चिमटा घेऊन अंडी सोलणारी मंडळी दिसली की माझं डोकं फिरतं.

त्या दिवशी हॅचरमधल्या अंड्यांचा विसावा दिवस होता. टोचे पडायला लागले होते, काही पिल्लं वाळून ब्रूडरमध्येही गेली होती. चारच्या सुमाराला आभाळ काळंभोर झालं आणि पत्र्यावर गारांचा असा मारा सुरू झाला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. अंगण पांढरंफेक. समोरच्या शेतात कापणीला आलेला गहू आडवा. पाठोपाठ वीज गेली.

जनरेटर चालला थोडा वेळ, मग खोकत बंद पडला. मेकॅनिकला फोन केला तर म्हणतो, "दीदी, कल तो गेर है, परसों देखता हूँ." दुसऱ्या दिवशी रंगपंचमी, म्हणजे गेर, रंगांची मिरवणूक! इंदुरात रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळपासून कुणाचा हात कामाला लागेल ही आशाच करू नये. वीजवाल्यांकडे "लाइन पे काम चल रहा है" एवढंच उत्तर. बिलाला एक दिवस उशीर झाला तर यांचा मेसेज मात्र अचूक येतो.

राहिला इन्व्हर्टर. त्याच्यावर पंखे चालतात, हीटर नाही. अशा वेळी प्रत्येकाला वाटतं, अंडी गोधडीत गुंडाळा. विसाव्या दिवशी अंड्यातलं पिल्लू स्वतः ऊब सोडत असतं आणि हवा मागत असतं. भरलेलं हॅचर बंद करून गुंडाळलं तर मधली अंडी तापून, गुदमरून जातात. म्हणून हॅचरचा पंखा इन्व्हर्टरवर टाकला, झरोके उघडे ठेवले. सेटरमधल्या आठवडाभराच्या अंड्यांचं दार घट्ट लावून टाकलं. कोवळी अंडी थंडावली तरी काही तास तग धरतात.

पण वीज येईचना. खोलीतला पारा 18 वर आला. गॅसवर पाणी उकळून बाटल्या भरायच्या, पोत्यात गुंडाळून हॅचरच्या तळाशी सरकवायच्या, गार झाल्या की बदलायच्या. दर वेळी दार उघडलं की ओलावा बाहेर. आणि जो पंखा पिल्लांना हवा देत होता, तोच टोचा पडलेल्या अंड्यांचा पापुद्रा वाळवत होता. दोन्ही गोष्टी एकदम साधत नव्हत्या.

तिकडे ब्रूडरचे बल्ब बंद. गारठलेली पिल्लं कशी ओरडतात हे एकदा ऐकलं की विसरत नाही. आवाज तीक्ष्ण, न थांबणारा, आणि सगळी एकावर एक चढतात. खालची थंडीने मरत नाहीत, चेंगरून मरतात. मावशी मूळच्या झाबुआकडच्या, त्यांच्या स्वतःच्या पाच-सहा गावरान कोंबड्या. त्यातल्या दोन खुडूक होत्या. मावशींनी त्यांची डालगी आणली आणि अंधारात एकेक पिल्लू हळूच पंखाखाली सरकवलं. मी म्हटलं, एवढी घेईल का? तर म्हणाल्या, "अँधेरे में मुर्गी गिनती नहीं, ताई." घेतली. पाच मिनिटांत आवाज बंद. माझी सगळी यंत्रं मिळून जे जमत नव्हतं ते दोन कोंबड्यांनी करून दाखवलं, हे मला जरा लागलं.

पहाटे तीनच्या पुढे हॅचरमध्ये 19 अंडी अशी उरली, ज्यांना टोचा पडून फार वेळ झाला होता आणि पुढे काही हलत नव्हतं. टॉर्च धरून पाहिलं. टोच्याच्या भोकातून चोचीचं टोक दिसत होतं, उघडमीट चालू. भोकाच्या कडेचा पापुद्रा पांढरा, ओलसर असायला हवा. तो पिवळट, वाळक्या पापडासारखा कडक होऊन पिल्लाच्या अंगाला चिकटला होता. मी म्हटलं, मावशी, राहू द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "बच्चा कमजोर नहीं है, ताई. मशीन कमजोर है."

त्यांनी अंडी टोपलीत घेतली, कोमट पाण्यात करंगळी बुडवली आणि पापुद्र्यावर टेकवली. चिमटा नाही, नख नाही. पापुद्रा ओला झाला की पारदर्शक होतो आणि लाल रेघ, म्हणजे रक्ताची नस, आहे की नाही ते दिसतं. रेघ दिसली की ते अंडं बाजूला, पुढचं हातात. अर्ध्या तासाने पुन्हा पहिलं. रेघ नसेल तिथे रुंद टोकाकडचं कवच कडेकडेने तेवढं मोकळं करायचं, टोपी पिल्लानेच ढकलायची. मी इतकी वर्षं हे काम करते, इतका थंड हात मी पाहिलेला नाही. उजाडेपर्यंत 13 बाहेर आली. वीज आली तेव्हा राजवाड्याकडे गेरची गर्दी जमायला लागली असेल.

सेटरमधली बहुतेक अंडी जिवंत निघाली, हे नंतर टॉर्चने तपासल्यावर कळलं. ते प्रकरण संपलं. या 13 पिल्लांचं संपलेलं नाही.

त्यांच्या पायात निळ्या रिंगा घातल्या आणि विकली नाहीत. मानमोडीची, गंबोरोची लस इतरांबरोबरच. एक फाकलेल्या पायाचं होतं, ते गेलं. बाकीच्यांच्या वजनात इतरांपेक्षा काही फरक दिसला नाही. ओळखीच्या पशुवैद्यक डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, विक, खा, पण त्यांची अंडी उबवू नकोस. त्याच रात्री, त्याच मशीनमधून बाकीची स्वतः बाहेर आलीच ना? ही का नाही आली? या प्रश्नाला माझ्याकडे अर्धं उत्तर आहे. 19 पैकी बहुतेक अंडी पंख्याजवळच्या ट्रेमधली होती, जिथे सगळ्यात जास्त वाळतं. पण चार लांबच्या कोपऱ्यातलीही होती, आणि तिथे वाळण्याचं कारण मला सापडत नाही. टोपलीत सगळी एकत्र झाली, त्यामुळे कुठली निळी रिंग कुठल्या ट्रेमधली हे आता कळायला मार्ग नाही. मावशींच्या मते हा प्रश्नच मूर्खपणाचा आहे.

त्यातल्या सात माद्या नवरात्राच्या सुमाराला अंड्यावर आल्या. मावशींनी त्यांची अंडी मला न विचारता वेगळ्या ट्रेमध्ये, निमुळतं टोक खाली करून ठेवायला सुरुवात केली आहे. उबवणीची अंडी आठवड्यापेक्षा जास्त ठेवली की पिल्लं कमी निघतात. ट्रेमधलं पहिलं अंडं सोमवारचं आहे.