कॅटलॉगमधलं नाव

आमची शाळा लालबागची, वर्गातली निम्मीअधिक पोरं गिरणी कामगारांची. १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो, बाबा घरी बसले ते बसलेच आणि तेव्हापासून घरात एकच धोशा, तू डॉक्टर व्हायचं. बारावीला मेडिकलसाठी मार्क कमी पडले. मार्कशीट घेऊन मी शाळेत मराठीच्या बाईंना भेटायला गेलो, त्या कॅटलॉग भरत होत्या, मी म्हटलं बाई सगळं संपलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "डॉक्टर झाला नाहीस याचं वाईट वाटतंय, की जो उरलास तो तुला नकोसा झालाय?" मला खूप राग आला, काही न बोलता निघून आलो.

पुढे बीएस्सी, बँक, लग्न, विरारला घर. चाळिशीत एकदा फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर किर्केगार्द या डॅनिश तत्त्ववेत्त्याचं 'द सिकनेस अनटू डेथ' हे पुस्तक मिळालं, मूळ १८४९ चं, घरी जाताना गाडीतच वाचायला घेतलं. माणसाचं 'मी'पण म्हणजे स्वतःचं स्वतःशी असलेलं नातं, असं तो सुरुवातीलाच म्हणतो, ते मला तीनदा वाचूनही नीट कळलं नाही. पण मग एक उदाहरण आलं आणि दादर कधी गेलं समजलंच नाही. एकाला सीझर, म्हणजे रोमचा सम्राट, व्हायचं असतं, होता येत नाही, तो निराश होतो, पण ती निराशा सीझरपद हुकल्याची नसते, सीझर न झालेला जो 'मी' आहे तो त्याला सहन होत नाही आणि टाकताही येत नाही. गाडीत उभ्या उभ्या डोळ्यात पाणी आलं हो, बाईंनी १९८७ लाच हे विचारलं होतं!

तो असंही म्हणतो की हात, पाय, पाच रिक्सडालर (तिकडचं जुनं चलन), बायको, काहीही गेलं की माणसाला लगेच कळतं, फक्त आपण स्वतःच हरवलो तर कसलाही आवाज होत नाही. आणि जगात सगळ्यात जास्त आढळणारी निराशा कोणती, तर जी आपल्याला आहे हेच माणसाला माहीत नसतं. माझी वीस वर्षं तशीच गेली, मस्टरवर रोज सही होती.

त्याचं उत्तर शेवटी देवापाशी जातं, आमचे आजोबा माळकरी, त्यांना ते पटकन समजलं असतं, मला अजून तिथवर जाता आलेलं नाही.

बाई शाळेच्या कार्यक्रमाला येणार आहेत असं कळलंय. पुस्तक बरोबर आणतोय, सीझरच्या पानावर पेन्सिलीने खूण केलीय.